नाशिकचं गल्ली क्रिकेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाशकातल्या वाड्यांत लहानाचे मोठे झालेले आम्ही सात-आठ जण आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदिरानगरच्या बाजूला राहतो. दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या मुलांना घेऊन गल्ली क्रिकेट खेळतो. फिरायला निघालेले लोक थांबतात, दोन ओव्हर बघतात आणि काहीतरी विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

टेनिस बॉलच्या टुर्नामेंट होतात, तेच ना हे?

नाही. टुर्नामेंटमध्ये चुन्याच्या रेषा असतात, अंपायर असतो, चषक असतो. गल्लीत यातलं काही नसतं. जितके जण घराबाहेर आले तितक्यांचा संघ, जितकी रुंद गल्ली तितकं मैदान. पाच जण असले तर एकेकटे खेळतात, अकरा असले तर पाच-पाच आणि एक कॉमन, म्हणजे दोन्हीकडून बॅटिंग करणारा.

मुख्य फरक मला नियमांत दिसतो. मैदानावरचे नियम छापून येतात. गल्लीतले नियम गल्लीच्या आकारातून निघतात. कोणाचा ओटा पुढे आलाय, कोणाची खिडकी खाली आहे, कोणत्या घरात तान्हं बाळ आहे, यावरून चौका कुठे आणि आउट कुठे हे ठरतं. दहा-बारा वर्षांची पोरं एकत्र बसून असा कायदा करतात आणि तो पाळतातही. याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नाशकात कुठे कुठे खेळलं जायचं?

कुठे नाही, असं विचारायला हवं. जुन्या नाशकात गल्ल्या इतक्या अरुंद की ऑफ साइड म्हणजे एका वाड्याची भिंत आणि लेग साइड म्हणजे समोरच्याचा ओटा. तिथे खेळलेल्या माणसाचा स्ट्रेट ड्राइव्ह चांगला असतो, कारण दुसरीकडे मारायला जागाच नव्हती. चौक थोडा मोठा मिळाला की चैन. आमच्या चौकात रहाड होती. बाहेरच्यांसाठी सांगतो : रहाड म्हणजे रंगपंचमीला रंगाचं पाणी भरून उड्या मारायचा जमिनीतला हौद. सण झाला की तो लाकडं टाकून मातीने बुजवतात आणि वर्षभर त्यावरून रहदारी चालते. रंगपंचमीनंतर काही दिवस ती माती पोकळ असायची. बॉल तिथे पडला की उसळायचाच नाही, बसायचा. आमच्यातला एक जण नेमका तेवढ्या दिवसांत विकेटा काढायचा.

पंचवटीतली पोरं गोदाघाटावर. रामकुंडापासून खाली गौरी पटांगण, यशवंतराव महाराज पटांगण, सगळी फरसबंदी. दगडावर टेनिस बॉल छातीपर्यंत येतो, त्यामुळे घाटावरच्या मुलांना पुल शॉट चांगला यायचा आणि मातीवर आल्यावर तीच मुलं चाचपडायची. तिथला नियम सोपा होता : बॉल गोदावरीत गेला की आउट, आणि मारणाऱ्यानेच काढून आणायचा. टेनिस बॉल तरंगतो, त्यामुळे प्रवाहाबरोबर तो गाडगे महाराज पुलाकडे निघाला की काठावरून त्याच्याबरोबर पळत जायचं, एखाद्या पायरीपाशी अडकला की उचलायचा. आता मात्र मी कोणत्याही मुलाला बॉलसाठी पाण्यात उतरू देत नाही. बॉल पुन्हा विकत मिळतो.

सिडकोत छोट्या घरांच्या सरळ रांगा. तिथली गल्ली म्हणजे तयार खेळपट्टी. दोन्ही बाजूंना सारखी घरं आणि प्रत्येक घरातून एक-दोन पोरं, त्यामुळे सिडकोतल्या एका गल्लीची टीम दुसऱ्या गल्लीशी भिडायची तेव्हा प्रेक्षकही घरचेच असत. नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या प्रेसच्या वसाहतीत आणि देवळालीकडे जागा ऐसपैस. तिकडून मामेभाऊ सुट्टीला यायचा आणि आमच्या गल्लीत पहिल्याच बॉलला आडवा फटका मारून आउट व्हायचा.

मोठं मैदान नव्हतं का?

होतं की. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, ज्याला सगळं नाशिक अजून गोल्फ क्लब म्हणतं. तिथे रणजीचे सामने झालेत. पण ते पायी लांब, आणि मोठी मुलं आधीच खांब रोवून बसलेली. ईदगाह मैदानावर एकाच वेळी दहा मॅच चालायच्या आणि आपल्या मिडऑनच्या शेजारी दुसऱ्यांचा पॉइंट उभा असायचा. कोणता बॉल आपला हे ओळखण्यासाठी आम्ही आमच्या बॉलवर शाईने फुली मारत होतो. तरीही शाळेतून आल्यावर दप्तर टाकून चहा होईपर्यंतच्या वीस मिनिटांत खेळायचं तर गल्लीच लागते.

नियम कोणते? एकदा नीट सांगा.

नीट म्हणजे सगळीकडे सारखे, असे नाहीत. आमच्याकडचे सांगतो.

एक टप्पा आउट, पण एका हाताने पकडला तरच. थेट कोणाच्या घरात बॉल गेला की आउट. टप्पा पडून गेला तर दोन रन, आणि त्याला टू डी म्हणायचं, म्हणजे दोन डिक्लेअर. एलबीडब्ल्यू नाही, कारण निकाल देणारा बॅटिंगच्याच बाजूचा. पहिला बॉल ट्राय, त्यावर आउट नाही. सलग तीन वाइड टाकले की ओव्हर दुसऱ्याला. मागे कीपर कमी असेल तर मागचे रन नाहीत. शेवटचा गडी एकटा खेळू शकतो.

या प्रत्येकामागे कारण आहे. एक टप्पा आउट हा नियम फिल्डर कमी असल्यामुळे आला. तो नसता तर चांगला खेळणारा एकच मुलगा अंधार पडेपर्यंत आउट झाला नसता. थेट घरात गेल्यास आउट हा नियम खिडक्यांसाठी, आणि त्याने आमची बॅट जमिनीवर ठेवली. हवेत मारायचा मोह आवरायला कोचने सांगावं लागलं नाही, शेजारच्या काकूंच्या काचेने शिकवलं.

आणि बट्टा चालत नाही. बट्टा म्हणजे कोपर वाकवून फेकलेला बॉल. यावरून आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणं झाली, कारण ज्याला बट्टा टाकायची सवय असते त्याला आपला हात वाकतो हे कधीच पटत नाही.

बॅटिंगचा नंबर कसा ठरायचा?

हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. एक जण पाठमोरा बसून मातीत काडीने आडव्या रेघा ओढायचा, प्रत्येक रेघेच्या टोकाला एक आकडा लिहायचा आणि आकड्यांवर बॅट पालथी टाकायचा. बाहेर फक्त रेघांची दुसरी टोकं दिसायची. मग एकेकाने येऊन रेघेवर बोट ठेवायचं. सगळ्यांची बोटं ठेवून झाली की बॅट उचलायची. ज्याचा एक आला तो नाचायचा. ज्याचा शेवटचा आला तो म्हणायचा, काढणाऱ्याने कोणाला तरी खूण केली होती.

नंबर काढणारा सर्वांत शेवटी उरलेली रेघ घेतो, हा त्यातला न्याय. त्याला स्वतःसाठी निवडता येत नाही.

टॉससाठी नाणं नसलं तर ओलं-सुकं : चपट्या खापराच्या एका बाजूला थुंकी लावायची आणि वर उडवायचं. आमच्या रविवारच्या मुलांना हे शिकवलं तेव्हा आयांनी नाक मुरडलं, म्हणून आता खापर बाटलीतल्या पाण्याने ओलं करतो.

लिंबूटिंबू म्हणजे काय?

ज्या लहानग्याला खेळायचं तर आहे पण झेपत नाही, तो. त्याला दोन्ही बाजूंनी बॅटिंग मिळते, अंडरआर्म बॉल टाकतात आणि पहिल्यांदा आउट झाला तरी आउट धरत नाहीत. त्याचे रन बहुतेक मोजत नाहीत, पण त्याला ते सांगायचं नसतं.

मी तीन वर्षं लिंबूटिंबू होतो. एका संध्याकाळी मोठ्या मुलांपैकी एकाने मला नेहमीसारखा खालून बॉल टाकण्याऐवजी पूर्ण रनअप घेऊन टाकला. माझा स्टम्प गेला आणि सगळे ओरडले, आउट! मी रडत घरी गेलो नाही. मला कळलं होतं की आजपासून मी खराखुरा खेळाडू आहे.

स्टम्प कशाचे?

विटांची चळत, पत्र्याचा डबा, उभी सायकल, द्राक्षांचं रिकामं क्रेट. पण सर्वांत जास्त भिंतीवर खडूने किंवा कोळशाने ओढलेल्या तीन रेघा. रेघांना लागला की नाही याचा निकाल बॉल स्वतः द्यायचा : बॉलवर खडूची पावडर दिसली तर आउट. आणि बॉल नुकताच गटारातून निघून नळाखाली धुतलेला असेल तर आणखी सोपं, भिंतीवर गोल ओला ठसा उमटतो. तो वाळायच्या आत सगळ्यांनी जवळ जाऊन बघायचा. निर्णय लागायचा नाही तेव्हा आम्ही समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या आजींकडे जायचो. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. पण कोण खोटं बोलतंय हे तोंडाकडे बघून कळायचं, आणि त्यांचा शब्द शेवटचा होता.

कोणता बॉल वापरावा?

मुलांसाठी साधा टेनिस बॉल. नियमाप्रमाणे टेनिस बॉलचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम असतं आणि पुरुषांच्या क्रिकेटच्या चामडी बॉलचं 155.9 ते 163 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. गल्लीत जाणारे-येणारे असतात, त्यामुळे चामडी बॉल गल्लीत आणूच नये. हेल्मेट घालून खेळणारा सुरक्षित असेल, पण दूध घेऊन चाललेल्या आजोबांना हेल्मेट नसतं.

टेनिस बॉलवरची लव दगडी फरशीवर आठवड्यात झडते. मग तो टकला होतो, वेगाने निसटतो आणि पकडायला अवघड जातो. बरेच जण त्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळतात. ही टेपबॉलची पद्धत कराचीच्या गल्ल्यांत रुजली आणि तिथून पसरली. अर्ध्याच बॉलला पट्टी लावली तर एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत राहते, हवेचा प्रवाह दोन्हीकडे वेगळा होतो आणि बॉल वळतो. आमच्या गल्लीत हे एकाला जमायचं. पट्टी तो वडिलांच्या कपाटातून आणायचा.

बॉलसाठी काँट्री काढायची. प्रत्येकी दोन रुपये. शेजारच्या गल्लीशी मॅच घेतली तर ती बॉलवर, म्हणजे हरणाऱ्याने नवा बॉल द्यायचा. बॉल जिंकून आणला की तो दोन दिवस कोणी खेळायला काढत नसे, नुसता हातात घेऊन फिरायचं आणि वास घ्यायचा.

ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हे खरं का?

खरं. आणि आउट झाल्यावर बॅट घेऊन घरी जाणारेही खरे. आमच्याकडे यावर उपाय निघाला तो असा : सर्वांनी मिळून सुतारकाम करणाऱ्या एका काकांकडून फळीची बॅट करून घेतली. जड होती, मूठ हाताला लागायची, पण ती कोणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांची होती. वाडा पाडला तेव्हा ती कुठे गेली माहीत नाही. मी त्या ढिगाऱ्यात शोधून आलो होतो.

मुली खेळायच्या का?

आमच्या लहानपणी थोड्या, आणि साधारण दहा-अकरा वर्षांच्या होईपर्यंतच. मग एक दिवस आतून हाक यायची आणि त्या पुन्हा बाहेर येत नसत. आमच्या गल्लीतली सर्वांत चांगली फिल्डर एक मुलगी होती. ती यायची थांबली, आणि आम्ही कोणीही तिच्या घरी जाऊन का म्हणून विचारलं नाही. त्याचं मला आज वाईट वाटतं.

आता चित्र वेगळं आहे. नाशिक जिल्ह्यातली माया सोनवणे ही लेगस्पिनर 2022 च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये खेळली. मान खाली झुकवून बॉल सोडण्याची तिची पद्धत बघून आमच्याकडच्या दोघी-तिघी तशाच टाकायला लागल्या होत्या. 2 नोव्हेंबर 2025 ला भारतीय महिलांनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, त्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे नंबर काढताना रेघा कमी पडल्या.

गल्लीत खेळून कोणी मोठा खेळाडू होतो का?

त्यासाठी खेळत नाही, हे आधी सांगतो. पण गल्ली एक गोष्ट नक्की शिकवते : सरळ बॉल टाकणं. दोन्हीकडे भिंती असल्यावर दिशा चुकवून चालत नाही.

म्हणून नाशिककरांनी बापू नाडकर्णींची आठवण ठेवायला हवी. 1933 साली त्यांचा जन्म नाशिकचा. जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने सलग 21 ओव्हर मेडन टाकल्या. डावातलं त्यांचं पृथक्करण होतं 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, 0 बळी. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकत, असं सांगतात. आम्ही रविवारी मुलांसाठी नाण्याऐवजी बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद ठेवतो. सहापैकी दोनदा लागला तरी टाळ्या पडतात. आजच्या मुलांना जवळचं नाव हवं असेल तर रणजीत महाराष्ट्राकडून खेळलेला सत्यजित बच्छाव आहे, तोही नाशिकचा आणि तोही डावखुरा फिरकी गोलंदाज.

तुमच्या आठवणीतला सर्वांत मोठा दिवस कोणता?

23 एप्रिल 1998. आदल्या रात्री शारजात वाळूचं वादळ आलं होतं आणि सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 143 केले होते. गल्लीत दोन घरी रंगीत टीव्ही. एका खोलीत तीस-चाळीस माणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं. सकाळी उजाडताच सगळी गल्ली बाहेर. प्रत्येकाला पुढे येऊन सरळ उचलून मारायचं होतं. थेट घरात गेलं की आउट हा नियम त्या दिवसापुरता मोठ्या मुलांनी रद्द केला. दुपारपर्यंत तीन काचा फुटल्या आणि एकाही घरातून कोणी ओरडलं नाही. 24 तारखेला, वाढदिवशी, त्याने फायनलमध्ये 134 केले. तोवर आमच्याकडे बॉल उरला नव्हता, म्हणून आम्ही मोज्यांचा गोळा करून त्याला दोरा गुंडाळला.

काच फुटली तर पैसे कोण द्यायचं?

मारणारा नाही, सगळे. हे पहिल्यापासून ठरलेलं असावं. नाहीतर काच फुटल्यावर आवाज होतो, गल्ली रिकामी होते आणि एकटा बॅट्समन उभा राहतो. आम्ही आता रविवारी प्रत्येकी पाच रुपये डब्यात टाकतो. गेल्या वर्षी त्यातून एक खिडकी आणि एक कुंडी भरून दिली.

पावसाळ्यात काय?

पायरी क्रिकेट. वाड्याच्या ओसरीत गुडघ्यावर बसून, कपडे धुवायच्या धोपटण्याने. घाटावरची पोरं मात्र अडकायची, कारण गोदेला पूर आला की पटांगणं पाण्याखाली. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलंय हे बघायला सगळं शहर जातं, आम्हीही जायचो. पूर ओसरल्यावर दगडांवर गाळ बसलेला असायचा, तो खराट्याने काढल्याशिवाय मॅच नाही.

आता गल्लीत मुलं का दिसत नाहीत? मोबाइलमुळे?

मला हे उत्तर घाईचं वाटतं. मी क्रम उलटा पाहिला आहे. आधी गल्ली गाड्यांनी भरली. एका वाड्याच्या जागी चार मजली इमारत आली, प्रत्येक घरी दोन दुचाक्या आणि एक कार, आणि जिथे आमचा मिडविकेट उभा राहायचा तिथे आता बंपर आहे. बॉल लागला तर ओरखडा पडतो, म्हणून मुलांना हटकलं गेलं. नव्या वसाहतीत मोकळी जागा आहे, पण तिथे हिरवळ लावून वर फलक लावला : खेळण्यास मनाई. मग मुलं घरात गेली, आणि घरात मोबाइल होता.

वाहतुकीच्या रस्त्यावर मुलांना खेळू द्यावं असं मी म्हणणार नाही. पण वसाहतीतल्या मोकळ्या जागेत आठवड्यातले चार तास बॉल चालला तर हिरवळ मरत नाही. आमच्या कॉलनीत हे पटवायला दोन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत सगळ्यांत जास्त विरोध करणारे गृहस्थ आता स्कोअर लिहितात.

आमच्या सोसायटीत सुरू करायचं तर?

आधी शेजाऱ्यांशी बोला, मग बॅट आणा. वेळ ठरवा आणि ती पाळा. आम्ही सात ते नऊ खेळतो. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा आठला सुरू करतो, कारण गारठलेल्या बोटांना टेनिस बॉलसुद्धा झोंबतो. खिडक्या असलेल्या बाजूला फटका म्हणजे आउट. पार्किंगमध्ये खेळत असाल तर फक्त अंडरआर्म. पहिले दोन रविवार मोठ्यांनी खेळावं, मुलं आपोआप येतात. तिसऱ्या रविवारपासून नियम मुलांना ठरवू द्या आणि मोठ्यांनी मध्ये बोलू नये. भांडतील. भांडू द्या. बॅट उगारली गेली तरच उठा.

आम्ही खेळायला आलो तर चालेल?

या. काही आणायची गरज नाही, पायात बूट असले की झालं. उशिरा आलात तर शेवटचा नंबर. घरी चार-पाच वर्षांचं पोर असेल तर त्यालाही आणा, सध्या आमच्याकडे लिंबूटिंबूची जागा रिकामी आहे. आधीच्याला परवा पूर्ण रनअप घेऊन बॉल टाकला.